अनवाणी शिपायाचे पत्र आणि सुभानरावांचे नाल

विषय : खेचर सुभानराव, निवृत्त ओझेवाहू, जंगल पलटण, यांना नाल मिळणेबाबत.
संदर्भ : त्यांचाच तीन वर्षांपूर्वीचा अर्ज.

तर बाळांनो, मांडी घालून नीट बसा. एका जंगलात एक साळिंदर दप्तरदार होता. पलटणीचे सगळे कागद त्याच्या ताब्यात. पण त्याचा जीव जडला होता फ्रान्सच्या राज्यक्रांतीतल्या लष्करी कागदांवर. हुकूम, हजेरीपट, रजेचे दाखले, काही म्हणजे काही सोडायचा नाही. त्यासाठी तो फ्रेंचसुद्धा शिकला. जंगलातले अर्ज मात्र ‘अक्षर लागत नाही’ म्हणून वाळवीच्या हवाली करायचा.

सुभानरावांनी उभा जन्म डोंगरावर तोफा वाहिल्या होत्या. आता खूर चिरले होते. पाणवठ्याची उतरण उतरताना रक्त यायचे. नाल मिळाले नाहीत, तर पाणी तुटणार हे त्यांना कळत होते. एके दिवशी ते लंगडत कचेरीत आले.

“दप्तरदारसाहेब, माझ्या अर्जाचं काय झालं?”

“या सुभानराव, अगदी वेळेवर आलात! पायाचं राहू द्या, आधी हे बघा.”

काचेखाली, मखमलीवर एक पिवळा कागद होता. बाजूला डांबराच्या गोळ्या.

“क्रांतिसेनेतल्या शिपायाचं पत्र. लिहितो, ‘साहेब, डोंगरात बर्फ आहे, आम्ही अनवाणी आहोत, जोडे पाठवा.’” साळिंदराने काचेवरची धूळ हलकेच पुसली. “काय ती व्यथा! वाचलं की घास उतरत नाही हो मला.”

“मग मिळाले का त्याला जोडे?”

“छे! मिळाले असते तर कागद निकाली निघून रद्दीत गेला असता. शेरा नाही, सही नाही, म्हणून तर एवढं मोल!”

“शेरा तर माझ्याही अर्जावर नाही, साहेब.”

साळिंदराने डोळे पुसले. सुभानरावांकडे त्याने प्रथमच आदराने पाहिले.

“खरंच की! मग आता त्याला हात लावणं पाप.”

त्याने ढिगातून अर्ज उपसला. एक कोपरा वाळवीने खाल्ला होता. ते पाहून तो आणखीच हरखला. अर्ज झटकून त्याने मखमलीवर ठेवला आणि वर काच बसवली.

सुभानराव दर चार पावलांना थांबत उतरणीकडे गेले.

सदर अर्ज काचेखाली सुरक्षित असून निर्णयासाठी प्रलंबित आहे.

तात्पर्य : अर्जदाराने उत्तराची घाई करू नये. कागद मात्र टिकाऊ वापरावा.