फुकटचा सोफा

डेस हॉकलीने तो हिरवा मखमली सोफा ढकलत ढकलत घरात आणला, तेव्हा दार धरून उभ्या असलेल्या ग्लेनिसने पहिलाच प्रश्न विचारला, "हा वास कसला?"

"कसला वास?" डेसने विचारलं, आणि तो खरंच विचारत होता. तरुणपणी फुटबॉल खेळताना त्याचं नाक मोडलं होतं. तेव्हापासून त्याचा उपयोग चष्मा टेकवण्यापुरता उरला होता. टोस्ट जळल्याचंसुद्धा त्याला धूर दिसल्यावर कळत असे.

"आंबूस येतोय काहीतरी."

"जुन्या लाकडाला येतोच. वास बघतेस, वस्तू बघ की! तीन माणसं ऐसपैस झोपतील. आणि लोक हे टाकून देतात!"

आमच्या प्रेस्टनमध्ये वर्षातून एकदा पालिका घरातलं मोठं सामान उचलून नेते. त्या आठवड्यात जो तो आपली अडगळ घरासमोरच्या गवतावर आणून ठेवतो आणि मग सहज फिरायला म्हणून दुसऱ्यांची अडगळ बघायला निघतो. हे नियमात बसत नाही. पण पालिकेचा ट्रक येईपर्यंत निम्मं सामान एका घरातून दुसऱ्या घरात पोचलेलं असतं. बसड्रायव्हरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून डेस नाताळपेक्षा या आठवड्याचीच जास्त वाट बघायचा. फुकट ते पौष्टिक, असा त्याचा साधा धर्म होता.

नॉर्मन हा हॉकलींचा बोका. करड्या रंगाचा, जाडजूड आणि अतिशय सभ्य. आपल्या वाळूच्या डब्यात जाण्याआधीसुद्धा तो कोणी बघत नाही ना याची खात्री करून घ्यायचा. त्या दिवशी मात्र त्याने सोफ्याला सावकाश एक प्रदक्षिणा घातली, कोपरा हुंगला, तोंड वाकडं केलं, पाठ फिरवली आणि शेपटी ताठ उभी करून सर्वांच्या देखत सोफ्यावर धार सोडली.

"नॉर्मन!" ग्लेनिस किंचाळली.

नॉर्मनने तिच्याकडे शांतपणे पाहिलं. घरातलं एक राहून गेलेलं काम उरकल्यासारखा त्याचा चेहरा होता.

मग उपाय सुरू झाले. व्हिनेगर झालं, खायचा सोडा झाला, लिंबाच्या साली झाल्या. घराला मासे-चिप्सच्या दुकानाचा वास येऊ लागला. कोणीतरी सांगितलं की मांजरांना चंदेरी फॉइल आवडत नाही, म्हणून सगळ्या सोफ्यावर फॉइल पसरलं. डेस त्यावर बसून टीव्हीवर मॅच बघायचा आणि जरा हलला की कुरकुर आवाज यायचा.

"तू भाजायला ठेवलेल्या कोंबडीसारखा दिसतोस," ग्लेनिस म्हणायची.

पण नॉर्मनपुढे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. रोज सकाळी तो यायचा, फॉइलची कड पंजाने बाजूला करायचा आणि आपलं काम करून जायचा.

शेवटी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पांढराशुभ्र कोट घातलेल्या. त्यांनी नॉर्मनला सगळीकडून दाबून, तपासून पाहिलं.

"तब्येत उत्तम आहे. घरात काही बदल झालाय का अलीकडे?"

"एक सोफा आणलाय," ग्लेनिस म्हणाली.

"नवा? की वापरलेला?"

ग्लेनिसने तोंड उघडायच्या आत डेस म्हणाला, "नवा! नवाकोरा." त्या इस्त्रीच्या कोटासमोर 'रस्त्यावरून उचलला' असं म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"मग रुसला असेल. होईल सवय," बाई म्हणाल्या.

ग्लेनिस तेवढ्यापुरती मूग गिळून बसली. चार लोकांत नवऱ्याला तोंडघशी पाडण्याचा तिचा स्वभाव नव्हता. गाडीत बसल्यावर मात्र तिने विचारलं, "नवाकोरा?"

"आपल्यासाठी नवाच की," डेस म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते व्हायला नको होतं. डाग झाकायला म्हणून डेसने कपाटातून आपल्या आईने विणलेली लोकरीची चादर काढली आणि सोफ्यावर घातली. रंगीत चौकोनांची ती चादर त्याची आई आजारपणात, बोटं दुखत असताना विणत होती. दुसऱ्या दिवशी नॉर्मनने ती चादरही भिजवली. डेस ओरडला नाही. ओली चादर हातात घेऊन तो मोरीशी नुसता उभा राहिला.

"केल्विनला फोन केलाय मी," जरा वेळाने तो म्हणाला. केल्विन म्हणजे त्याचा भाऊ, दूर आतल्या भागात मेंढ्या पाळणारा. "त्याच्या शेडमध्ये उंदीर झालेत. रविवारी नॉर्मनला सोडून येऊ."

"शेडमध्ये? डेस, त्याला ब्लँकेटशिवाय झोप येत नाही रे!"

"शिकेल."

चादरीचं दुःख खोटं नव्हतं, हे ग्लेनिसलाही दिसत होतं. पण नॉर्मन घरात आला होता तो तिची एकुलती एक लेक पर्थला राहायला गेली त्या हिवाळ्यात. घर खायला उठायचं तेव्हा हा प्राणी तिच्या पायांवर येऊन बसायचा आणि ती उठेपर्यंत हलायचा नाही. तिचा त्याच्यावर फार जीव होता, साध्या शब्दांत सांगायचं तर. तिने माळ्यावरून त्याची प्रवासाची टोपली काढली, पुसली आणि पुसता पुसता रडली.

शनिवारी दुपारी तिने मिसेस प्रिस्कना चहाला बोलावलं. ऊना प्रिस्क मागच्या रस्त्यावर राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. हॉकली सुट्टीवर गेले की नॉर्मनला खाऊ घालायचं काम त्यांच्याकडे असे, तेव्हा त्याचा निरोप घेण्याचा त्यांचा हक्क होता. त्या खोबऱ्यात घोळवलेला केक घेऊन आल्या, बैठकीच्या खोलीत शिरल्या आणि जागीच थबकल्या.

"अगंबाई! हा इथे कसा?"

"नॉर्मन? इथेच असतो की तो."

"नॉर्मन नाही गं. माझा सोफा!"

डेसने हातातला कप खाली ठेवला. "तुमचा?"

"माझ्या भाच्याने बाहेर ठेवला होता कोपऱ्यावर. मी म्हटलं, पालिकावाले नेतील. डचेसने त्याची पार वाट लावली होती ना!"

डचेस म्हणजे त्यांची पांढरी मांजर. ती बरेच दिवस दिसली नव्हती, हे ग्लेनिसच्या आत्ता लक्षात आलं.

"मिसेस प्रिस्क, तुम्ही हा सोफा घेतला कुठून होता?" तिने हळूच विचारलं.

"मी कशाला घेतेय! मागल्या वर्षी त्या दंतवैद्याच्या घरासमोर पडला होता, फुकट..." आणि त्या बोलता बोलता थांबल्या.

डेसने सोफ्याचं एक टोक धरलं, ग्लेनिसने दुसरं. दोघांनी तो पालथा घातला. खालच्या कापडावर डागावर डाग चढले होते, पिवळे, तपकिरी, काही अगदी जुने आणि काळपट. किती घरांतल्या किती मांजरांनी तिथे आपली हजेरी लावली होती कोण जाणे. नॉर्मन बिचारा घरात घुसलेल्या परक्यांच्या खुणा पुसत होता.

"डचेस कुठे आहे?" ग्लेनिसने विचारलं.

"सीमूरला. बहिणीकडे देऊन टाकली." मिसेस प्रिस्क खुर्चीत बसल्या. "फार बोलले गं मी तिला. म्हातारी झालीस, लाज सोडलीस, काय काय बोलले. निघताना टोपलीतून बघत होती माझ्याकडे. मी मान फिरवली."

डेस उठला आणि मागच्या अंगणात गेला. थोड्या वेळाने तो कुऱ्हाड घेऊन आला आणि सोफा एकट्याने ओढत बाहेर नेऊ लागला.

"अरे, गवतावर ठेव की," ग्लेनिस म्हणाली.

"म्हणजे अजून एका मांजराला शिक्षा?" डेस म्हणाला. फुकट मिळालेली वस्तू त्याने जन्मात कधी मोडली नव्हती. संध्याकाळपर्यंत त्याने सोफ्याचे तुकडे केले आणि ट्रेलरमध्ये भरले. मग केल्विनला फोन करून सांगितलं, "उंदरांचं तुझं तू बघ."

फोन ठेवल्यावर तो नॉर्मनसमोर खाली बसला. "चूक झाली, साहेब," म्हणाला. नॉर्मनने त्याच्या मोडक्या नाकाला नाक लावलं. ग्लेनिस स्वयंपाकघरात गेली, कारण तिला हसूही येत होतं आणि रडूही.

रविवारी गाडी निघाली, पण सीमूरकडे. मिसेस प्रिस्कनी चर्चला जायचा निळा पोशाख घातला होता आणि सगळ्या वाटेत त्या एकच गोष्ट विचारत होत्या, "ओळखेल ना गं मला?"

डचेसने ओळखलं. ओळखलं म्हणूनच तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाठ करून बसली, हाका मारल्या तरी कान हलवला नाही, आणि टोपलीत जायला साफ नकार दिला. शेवटी मिसेस प्रिस्कनी तिला तशीच मांडीवर घेतली आणि गाडी परत निघाली.

निम्मी वाट सरली. मग मागच्या सीटवरून हलकेच "अगंबाई" असं ऐकू आलं. ग्लेनिसने वळून पाहिलं. निळ्या पोशाखावर एक मोठा ओला डाग पसरत होता आणि डचेस खिडकीबाहेर बघत होती.

"थांबवू का गाडी?" डेसने विचारलं. "पुसायला फडकं आहे मागे."

"नको रे," मिसेस प्रिस्क म्हणाल्या. त्यांनी मांजरीला आणखी जवळ ओढून घेतलं. त्यांचे डोळे भरून वाहत होते. "तू चालव गाडी. माझ्यावर चिडलीय ना? मग चिडू दे तिला पोटभर."