पराभवाचे अकरा किलो पेढे

रविवारी सकाळी सोमलिंगआप्पा पेढे आणायला निघाले, तेव्हा त्यांनी रिकामी पिशवी सदऱ्याच्या आत दडवली होती. पेढे फक्त अर्धा किलो घ्यायचे होते, आणि ते संध्याकाळी आप्पांनी आणि त्यांच्या बायकोनं, महानंदानं, दार लावून खायचे होते. एवढी चोरी कशाला, तर हे पेढे युवराजच्या पराभवाचे होते. आणि युवराज हरावा असं मुरुम गावात उघड बोलायची त्या दिवशी सोय नव्हती. चौकाचौकांत त्याचे फलक लागले होते.

युवराज म्हणजे कमलबाईंचा मुलगा. पाच वर्षांपूर्वी तो पुण्याला गेला आणि एमएमए शिकला. कुस्तीतली पकड, बॉक्सिंगमधला ठोसा, कराटेतली लाथ, जे जे काही मारायचं असतं ते सगळं एकाच वेळी मारायची मुभा असलेला हा खेळ. जाळीच्या पिंजऱ्यात खेळतात. युवराजनं त्यात सहा लढती जिंकल्या आणि स्वतःचं नाव 'युवी द हॅमर' ठेवलं. गावातली जुनी माणसं त्याला नुसतं 'ह्यामर' म्हणायची.

हा ह्यामर दिवाळीला गावी आला होता. आप्पा आपल्या पिठाच्या गिरणीत वाकून पट्टा बसवत होते. कानात पीठ, भुवयांवर पीठ. मागून आवाज आला, "अंकल, एक मिनिट हां!" आणि आप्पांचे पाय जमिनीवरून सुटले. युवराजनं त्यांना डोक्याच्या वर धरलं, दोनदा गरागरा फिरवलं आणि गव्हाच्या पिठाच्या डब्यात बसतं केलं. बरोबरचा एकजण मोबाइल धरून उभाच होता. रात्रीपर्यंत 'चक्की अंकल का टेकऑफ' या नावाचं रील लाखो लोकांनी बघितलं. त्यात जळकोटचे लोकही होते, आणि जळकोटला आप्पांची मुलगी राजेश्वरी दिलेली होती. पुढच्याच महिन्यात आप्पा तिच्या घरी सत्यनारायणाला गेले, तर भर पंगतीत व्याही म्हणाले, "काय पाव्हणं, एसटीनं आलाव का विमानानं?"

आप्पांचं वय अठ्ठावन्न. भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस. लहानपणी आईनं उचललं असेल तेवढंच, त्यानंतर त्यांना कुणी उचललेलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी युवराजच्या प्रत्येक लढतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक टिंब देऊन ठेवली होती. तीन टिंबं वाया गेली होती. आजचं चौथं.

"अर्धा किलो पेढे दे," आप्पा मिठाईच्या दुकानात हळूच म्हणाले.

दुकानदार योगीराजला हळू बोलता येत नव्हतं. "पेढं? आन् तुमी? कशाचं हो आप्पा? नातू झाला का काय?"

"न्हाय रं. असंच. ते... संध्याकाळच्या फाइटचं."

आप्पांना खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून तोंडातून अर्धं खरं निघालं. आणि नेमका त्यांच्या मागं श्रीनाथ उभा होता. 'युवी द हॅमर मित्रमंडळा'चा अध्यक्ष. त्यानं आप्पांचे दोन्ही हात धरले.

"आप्पा! आमच्या दादासाठी तुमी पेढं घ्यायलाव? मी तर समजत हुतो तुमी अजून राग धरून बसलाव!"

"न्हाय... राग कसला..."

"योगीराज, आपल्या आप्पाचं मन बघ! आन् तू अर्धा किलो काय मोजायलास? सगळं गाव येणारंय मंगल कार्यालयात, फाइट बघाया!"

"अकरा किलो करू की मग," योगीराज म्हणाला. "शुभ आकडा हाय."

आप्पांनी तोंड उघडलं, पण त्यातून शब्द फुटायच्या आत योगीराजनं मोठा ट्रे खाली ओढला होता. अर्ध्या तासात ऑटोवरचा भोंगा गावभर ओरडत फिरू लागला, "आज संध्याकाळी पाच वाजता मोठ्या पडद्यावर हैदराबादची थेट लढत! विजयाचे पेढे, सोमलिंगआप्पा गिरणीवाले यांच्यातर्फे! ज्यांना दादांनी उचललं, तेच आज दादांना उचलून धरणार!"

महानंदानं तो भोंगा भाकरी थापताना ऐकला. आप्पा दारात येताच ती म्हणाली, "तुमी गेलता कशाला, आन् आलाव काय करून?"

आप्पांनी सगळं सांगितलं. महानंदानं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "म्या बी येते संध्याकाळी."

"तू कशाला?"

"त्यो पडला तर तुमच्या तोंडाकडं कुणीतरी बघाया पायजे. तुमाला हसू दाबता येत न्हाय."

पाच वाजता मंगल कार्यालय खचाखच भरलं. जिथं एरवी नवरा-नवरीचा सोफा असतो, तिथं आप्पांना फेटा बांधून बसवलं. शेजारी फळवाल्या अजीजाबी. त्यांचाही मान होता, कारण दिवाळीत युवराजनं त्यांच्या हातगाड्यावरची सहा टरबुजं कोपरानं फोडून रील केलं होतं. अजीजाबी डोळे मिटून बोटांवर काहीतरी पुटपुटत होत्या. ही बाईही ह्यामरच्या विजयासाठी दुवा मागतेय, हे बघून आप्पांना फार एकटं वाटलं.

तेवढ्यात पडद्यावर युवराजचा व्हिडिओ कॉल आला. त्याचं तोंड भिंतीएवढं दिसत होतं.

"अंकल! पेढे वाटताय म्हणे? जिंकून येतो, मग परत टेकऑफ! या वेळी डबल!"

कार्यालयात हशा झाला. आप्पांनीही हसल्यासारखं केलं.

"आणि समोर कोण दिलाय बघितलं का? टकला मास्तर! केरळच्या शाळेत पीटी शिकवतो. एका हातानं खेळणार मी. दुसऱ्या हातानं तुम्हाला टाटा करणार!"

मग त्या मास्तरांना दाखवलं. नाव थॉमस. डोक्याच्या मधोमध टक्कल, पोट जरासं पुढं आलेलं. कॅमेरा समोर येताच त्यांनी बावरून हात जोडले. आप्पांचा हात नकळत स्वतःच्या टकलाकडं गेला आणि फेट्यावर अडखळला. 'हा आपला माणूस,' त्यांच्या मनात आलं.

"आता आप्पा दोन शब्द बोलतील," श्रीनाथनं माइक पुढं केला.

आप्पा उठले. समोर दोन-तीनशे माणसं. "आज..." ते थांबले. "आजचा निकाल माझ्या मनात हाय तसाच लागू दे, एवढंच देवाला मागतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांच्या रांगेत महानंदानं पदराचा बोळा तोंडात धरला.

लढतीआधी युवराजचा प्रवेश नऊ मिनिटं चालला. धूर झाला, ढोल झाले, सोनेरी झगा झाला, थर्माकोलचा चार फुटी हातोडा झाला. मास्तर मात्र दातांवरचं रबर चाचपत आले आणि आत शिरताना चटईला नमस्कार करून एका कोपऱ्यात उभे राहिले.

घंटा झाली. युवराजनं खरोखरच एक हात पाठीमागं नेला. नाचला. कॅमेऱ्याकडं वळून जीभ दाखवली. मग पुढं जाऊन मास्तरांच्या टकलावर टपली मारली. श्रीनाथ शिट्टी मारून नाचला. आप्पांनी सोफ्याचा हात असा आवळला की आतला स्पंज बाहेर आला.

युवराज दुसरी टपली मारायला गेला आणि मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. खडू चोरताना पोरगं सापडल्यावर धरावं, तसं, अगदी शांतपणे. पुढं काय झालं ते कुणाला धड दिसलं नाही. दिसलं तेव्हा युवराज चटईवर पालथा होता, मास्तर त्याच्या पाठीवर बसले होते आणि त्यांचा हात त्याच्या गळ्याभोवती होता.

"आता बघा! आता सुटतोय दादा!" श्रीनाथ ओरडला.

दादांचा चेहरा आधी टोमॅटोसारखा झाला, मग वांग्यासारखा. या खेळात हार मानली की हातानं थोपटून सांगायचं असतं. युवराजनं चटई इतकी थोपटली, जणू दहा माणसांच्या भाकरी थापायला बसला होता. पंच धावले. एक्केचाळीस सेकंदांत सगळं संपलं.

कार्यालयात नुसता पंख्यांचा आवाज राहिला.

आप्पांच्या पायाच्या अंगठ्यातून काहीतरी वर सरकू लागलं. गुडघ्यात आलं, पोटात आलं, छातीत आलं. आता ते तोंडातून बाहेर पडणार, एवढ्यात त्यांनी फेट्याचा शेमला ओढून दातांत धरला आणि मान खाली घातली. खांदे गदागदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

श्रीनाथनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आप्पा, रडू नका. तुमी असं रडल्यावर आमी कुणाकडं बघायचं?"

यानं आप्पांची अवस्था फारच बिकट झाली. महानंदा धावत आली. "त्यास्नी बीपी हाय, हवा येऊ द्या," असं म्हणून तिनं पदरानं त्यांचं तोंड झाकलं, पण पदरामागं तिचीही हनुवटी थरथरत होती.

आणि त्या शांततेत शेजारून खणखणीत आवाज आला, "या अल्ला, तेरा लाख लाख शुकर!"

सगळ्यांच्या माना वळल्या. अजीजाबी दोन्ही हात वर करून बसल्या होत्या.

"क्या देखते मेरेकू? छे टरबुजां फोड्या मेरे! व्हिडिओ में हस्या, और माफी बी नै मांग्या! तब से दुवा मांगरी हूं मैं!"

आप्पांच्या तोंडातून शेमला सुटला. जे हसू बाहेर आलं, ते भजनी मंडळातल्या कुणीही कधी ऐकलेलं नव्हतं. ते सोफ्यावरून घसरून खाली बसले, तरी हसतच होते. महानंदानं पदर सोडला आणि तीही मोकळी झाली.

"माझ्या बासुंदीच्या कढईत बुटासकट पाय घातलता त्येनं!" मागून योगीराज गरजला. "आन् वर म्हणला, प्रोटीन टेस्ट करायलोय!"

मग एकेक माणूस उठायला लागला. कुणाचा बैल पाठीमागून दचकवला होता, कुणाच्या वरातीत नवरदेवाला घोड्यावरून उतरवून ह्यामर स्वतः बसला होता. ज्यानं त्यानं आपापलं रील इतके दिवस एकट्यानंच गिळलं होतं. शेवटी सगळे श्रीनाथकडं बघायला लागले. तो पडद्यापाशी मान खाली घालून उभा होता.

"तीन वर्सं झाली," तो म्हणाला, "त्याची बॅग धरायलोय. फलक लावायलोय. मला अजून 'ए' म्हणून हाक मारतोय. माझं नाव त्याला म्हाईत हाय का न्हाय, देव जाणे."

एवढं बोलून तो पेढ्यांच्या ट्रेकडं गेला आणि पहिला पेढा त्यानंच उचलला.

मग काय विचारता! विजयासाठी आणलेले फटाके बाहेर लागले. बँडवाल्यांनी कुणी न सांगता पिपाण्या उचलल्या. आप्पा स्वतःच्या हातानं पेढे वाटत फिरू लागले, आणि ज्याला त्याला "दोन घे, दोन" म्हणू लागले.

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात कमलबाई दिसल्या. हातात आरतीचं ताट. मुलगा जिंकल्यावर पडद्यालाच ओवाळायचं ठरलं होतं. बँड मध्येच थांबला. लोकांनी पेढे पाठीमागं लपवले. आप्पांच्या हातात अख्खा ट्रे होता, तो कुठं लपवणार?

"पडला का?" कमलबाईंनी विचारलं.

"वैनी, त्ये..."

"पडला का म्हणते."

"पडला," आप्पा म्हणाले.

"लागलं का?"

"न्हाय. उठून चालत गेला."

कमलबाईंनी ताट खाली ठेवलं आणि तुळजापूरच्या दिशेनं हात जोडले. "आंबाबाईला बोललते. पाडीव म्हणलं, पण लागू दिऊ नको. दिवाळीत फोटो काढताना मला म्हणला, आई, तू बाजूला हो, लुगड्यानं माझी इमेज खराब हुती." त्यांनी ट्रेमधला एक पेढा उचलला, अर्धा खाल्ला. "ग्वाड हाय."

तेवढ्यात त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. युवराजच होता. कमलबाईंना फोन कानाला लावून ऐकू येत नसे, म्हणून त्या नेहमी आवाज मोठा करून तो हातात धरायच्या.

"आई?" आवाज अगदी मलूल होता. "बघितलंस का गं?"

कमलबाईंनी भोवती बघितलं. तीनशे माणसं पेढे हातात धरून श्वास रोखून उभी होती. आईच ती, तिचं मन विरघळलं.

"न्हाय रं बाळा. ऐन टायमाला लाइट गेली बघ."

"सगळ्या गावाची?"

"पुऱ्या मुरुमची, दादा!" श्रीनाथनं पुढं होऊन साथ दिली. "मोबाइलचा टावर बी बंद पडलता, आत्ता कुठं आलाय. कुणीच न्हाय बघितली."

मग युवराजच्या आवाजात हळूहळू जीव आला.

"अरेरे! लई मोठी फाइट मिस केली तुम्ही. तीन राउंड धुतला मी त्याला! मास्तर पाया पडायला लागला, शप्पथ! मग पंचानं घोळ केला. पॉइंटवर त्याला देऊन टाकली. पब्लिक माझ्याच नावानं ओरडत होतं." कार्यालयातल्या माणसांनी हाताला जे सापडेल ते तोंडात कोंबलं. "अंकल आहेत का तिथं? अंकल, तुम्ही तरी बघायला पाहिजे होतं!"

कमलबाईंनी फोन आप्पांच्या पुढं धरला. आप्पांनी तोंडातला पेढा सावकाश संपवला, हात धोतराला पुसले.

"बघायचंय की रं," ते म्हणाले. "आत्ताच आली बघ लाइट. श्रीनाथ, लाव परत. अगदी घंटेपासून. आन् वैनी, फोन चालूच राहू द्या."

पडदा उजळला. माणसं पटापट खाली बसली. घंटा झाली. फोनमधून अगदी बारीक आवाज आला.

"आप्पा... ठेवू का आता?"

"बस की रं थोडं," आप्पा म्हणाले. "एक्केचाळीसच सेकंदांचं तर हाय."