मागितल्याबिगर न्हाई

"आजपासनं पोरीला मागितल्याबिगर कुणी काय द्यायचं न्हाई. हुकूम हाय ह्यो!" सुभेदार मानसिंगांनी सोप्यातल्या खुर्चीवरून जाहीर केलं. सुभेदार फौजेतून निवृत्त झाले होते. त्यांचा आवाज अजून नोकरीतच होता.

हुकूम खरा विश्रामबागच्या वाचा-उपचार केंद्रातल्या स्वप्ना मॅडमचा. नात राजनंदिनी, म्हणजे घरची नंदू, दोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. 'आई' ऐकण्यासाठी सूनबाईंचा, दीपमालाचा, जीव टांगणीला लागला होता. कान वगैरे तपासून मॅडम म्हणाल्या, "वेळेवर आलात. तिला हवं ते समोर धरा, पण लगेच देऊ नका. आवाज काढू दे, खूण करू दे, मग द्या."

पण नंदूनं नुसतं वळून पाहिलं की आजी बनुबाई दूध-बिस्कीट घेऊन हजर!

"आवं, लेकराचं त्वांड सुकलंय!"

"सुकू द्या. फौजेत असलं लाड नसत्यात."

"फौजंत दोन वर्साची पोरं तरी हुती का?"

तेवढ्यात शेजारच्या तानुबाई लाडू घेऊन आल्या. सुभेदारांनी त्यांना दारातच थोपवलं. झालं! 'सुभेदार नातीला उपाशी मारत्यात' ही बातमी चहा उकळायच्या आत गल्लीभर झाली. जो तो काहीतरी खाऊ घेऊन दारात उभा. एवढा खाऊ बघून नंदूनं मांडी घातली, पाठ ताठ केली, हात पुढं केला आणि घसा खाकरला, "अह्हम्!"

"लेकराचा घसा धरला!" तानुबाई ओरडल्या. हळद झाली, मध झाला. डॉक्टरांनी घसा बघून स्वच्छ असल्याचं सांगितलं. नंदू मात्र दिवसभर खाकरतच होती. शेवटी दीपमाला घाबरून सगळ्यांना विश्रामबागला घेऊन गेली.

मॅडमनी चेंडू समोर धरला. नंदूनं पाठ ताठ केली, हात पुढं. "अह्हम्!"

"हे कुणाचं बघून शिकली?"

"आमच्यात न्हाई बा कुणी असं करत," सुभेदार म्हणाले आणि घसा खाकरून त्यांनी हात पुढं केला. बनुबाईंनी त्यावर पाण्याची बाटली ठेवलीसुद्धा.

मॅडम खळखळून हसल्या. "बोलायला उशीर झाला यात कुणाची चूक नाही. उलट ती मागायला लागली, मोठं काम झालं! आता खाकरण्याच्या जागी शब्द हवा. ती आजोबांचं बघते. तेव्हा आजोबा, तुम्हीही बोलून मागायचं."

घरी आल्यावर सुभेदार खुर्चीत बसले आणि खाकरले. बनुबाई कप घेऊन समोर उभ्या राहिल्या, पण कप काही पुढं येईना.

"हुकूम हाय," त्या म्हणाल्या.

उभ्या जन्मात बायकोकडं काही मागायची वेळ आली नव्हती. सुभेदारांचे कान लाल झाले. "च्या दे," ते पुटपुटले.

"नंदूला ऐकाय न्हाई आलं."

"च्या दे!" सुभेदार परेडच्या आवाजात गरजले.

"दे!" खालून आवाज आला.

दीपमालानं लेकीला छातीशी धरलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली. बनुबाईंनी कप कट्ट्यावर ठेवून बिस्किटांचा अख्खा पुडा नंदूच्या हातात दिला. आनंदाच्या भरात सुभेदारांचा चहा तिथंच राहिला. डोळे पुसून ते हळूच खाकरले. कुणाचं लक्ष नव्हतं. नंदूचं मात्र होतं. तिनं चोखलेलं बिस्कीट आजोबांच्या समोर धरलं, पण सोडलं नाही. ती त्यांच्या तोंडाकडं बघत थांबली.

"दे गं माझी बाय," सुभेदार म्हणाले.

तेव्हा कुठं तिनं दिलं.