प्लास्मिडचं प्रात्यक्षिक

तलवाड्याच्या कुक्कुटपालन सोसायटीच्या दारात उमापूरला निघालेला टेम्पो कोंबड्यांनी भरून उभा होता आणि आत पशुवैद्यक कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. कालिंदी सभासदांना प्लास्मिड समजावून सांगत होत्या. टेम्पो सुटायच्या आत प्लास्मिड समजणं गरजेचं होतं.

टँकरच्या पाण्यात काटकसर म्हणून दोन्ही शेडच्या कोंबड्या एकाच भांड्यात पाणी पीत होत्या आणि पटापट माना टाकत होत्या. अध्यक्ष अर्जुनरावांनी त्यावर सोपा उपाय काढला होता: मरायच्या आत त्या उमापूरच्या सोसायटीला विकून टाकायच्या.

"हा साल्मोनेला आहे," कालिंदी म्हणाल्या. "तोही साधा नाही, प्लास्मिडवाला."

"त्यो कोन?" छबुबाईंनी विचारलं.

"जंतूकडे स्वतःची जनुकं असतातच. प्लास्मिड म्हणजे वरचं, वेगळं, जनुकांचं छोटं कडं. ते नसलं तर हा जंतू नरम पडतो. असलं, की त्यावरच्या जनुकांच्या जोरावर तो पहारा करणाऱ्या पेशींच्याच पोटात शिरतो, तिथे वाढतो आणि यकृतापर्यंत पोचतो."

सभेने जांभई दिली. कालिंदींची नजर अर्जुनरावांच्या खिशाकडे गेली. सोसायटीचा शिक्का ते कपाटात कधी ठेवत नसत. अंघोळीलाही तो टॉवेलात गुंडाळून नेतात, अशी गावात बोलवा होती.

"अध्यक्ष, जरा शिक्का द्या."

"कावून?"

"विज्ञानासाठी."

विज्ञानाला सगळ्यांदेखत नाही म्हणणं बरं दिसेना. अर्जुनरावांनी शिक्का दिला.

"समजा, अर्जुनराव म्हणजे जंतू."

"समजलं!" मागून पंडित ओरडला.

"शिक्का म्हणजे प्लास्मिड. तो काढला. अर्जुनराव तेच, पण जोर गेला. आता दोन जंतू एकमेकांना चिकटले, की हे कडं कधी कधी दुसऱ्याकडे जातं." कालिंदींनी शिक्का साखराबाईंच्या हातात ठेवला. साखराबाईंनी आजवर सभेत चहा नको एवढंच म्हटलं होतं. "झालं! कालचा गरीब जंतू आज जहाल."

सभा ताठ बसली. विज्ञान एवढं कामाचं असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"साखराबाई अध्यक्ष! सूचक मी!" पंडित उठला.

"अनुमोदक मी!" छबुबाई म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. सोसायटीत टाळ्या पडल्या, की ठराव मंजूर.

"अहो, हे प्रात्यक्षिक होतं!"

"मग? झालं की."

साखराबाई उठल्या. "टेम्पो उतरवा. उमापुरात माझी लेक कोंबड्या पाळती. हा रोग तिच्या दारात जायचा न्हाई. सिदू, गाडी बंद कर."

"पर मावशी..." टेम्पोवाला सिदू दारातून म्हणाला.

"मावशी घरी. हितं अध्यक्ष म्हनायचं. आन् डाक्टरीणबाई, तुमी बी बसा खाली!"

कालिंदी बसल्या. इतकं उत्तम उदाहरण त्यांना वर्गात कधी मिळालं नव्हतं. अर्जुनरावांनी मात्र हात वर केला.

"मॅडम, एक शंका. कडं दुसऱ्याला दिल्यावर पहिल्याकडं काय राहतं?"

"तेच तर! जाताना त्याची प्रत तयार होते. एक दुसऱ्याकडे जाते, एक पहिल्याकडे राहते!" कालिंदी उत्साहात बोलल्या आणि थबकल्या.

अर्जुनरावांनी धोतराच्या कनवटीतून दुसरा शिक्का काढला. "गेवराईला करून घेतलता. असावा म्हनून."

आणि ते टेम्पोकडे पळाले. मागून साखराबाई, त्यांच्या मागून सभा. अर्जुनरावांनी सिदूचा वाहतुकीचा पास बॉनेटवर ठेवून त्यावर शिक्का हाणला. साखराबाईंनी तो रद्द करायला त्याच्यावर आपला हाणला. त्यांनी पुन्हा, यांनी पुन्हा. पास जांभळा झाला, बॉनेटही झालं.

सिदूने कागद उन्हात धरून पाहिला. "उमापूर कुठं लिवलंय, ते बी दिसंना. आधी अध्यक्ष कोन ते ठरवा. तंवर गाडी हलत न्हाई," असं म्हणून तो चावी घेऊन झाडाखाली जाऊन आडवा झाला.

भांडण रंगलं. तेवढ्यात कालिंदी आणि छबुबाईंनी कोंबड्या उतरवल्या, आजारी वेगळ्या काढल्या, पाण्याची भांडी निराळी केली आणि औषध सुरू केलं.

पुढच्या खेपेला कालिंदी आल्या तेव्हा मर थांबली होती. उमापुरात एकही कोंबडी दगावली नव्हती.

"आणि अध्यक्ष कोण झालं?" त्यांनी विचारलं.

"सध्या चौघं हायत," छबुबाई म्हणाल्या आणि पदराची गाठ सोडून एक कोराकरकरीत शिक्का पुढे केला. "ह्यो तुमचा. गेवराईचा मानूस आता लगोलग करून देतो."

"छे, मला कशाला?" म्हणत कालिंदींनी तो नुसता बघायला हातात घेतला. तेवढ्यात अर्जुनराव शेडच्या दारातून आत डोकावले.

"चपला बाहेर!" कालिंदी कडाडल्या. "कुणाला विचारून आलात?"