टेकवाडीचं बेट एप्रिलात कुठं गेलं?

"बेट म्हणजे काय जावई आहे का, रुसून निघून जायला!" बाबालाल शेखनं दुकानाच्या काउंटरवर हात आपटला. "साहेबलोक शनिवारी येऊ देत नाहीतर अमावस्येला. बेट जागेवर आहे, शाळा जागेवर आहे आणि हा बाबालालही जागेवर आहे!"

हे तो मंगळवारी म्हणाला. बुधवारी बेट गेलं.

बाबालालचं पौडात पाइप-नळांचं दुकान. एकदा बँकेत त्यानं इंग्रजी फॉर्म उलटा धरला आणि काचेमागचा साहेब फिस्सकन हसला. दुसरा कोणी घरी जाऊन झोपला असता. यानं सूड म्हणून इंग्रजी शिकवणारी शाळा काढली! तीही कुठं, तर मुळशी धरणाच्या पाण्यात चारी बाजूंनी सापडलेल्या टेकवाडीत. तिथं पस्तीस घरं आणि एकोणीस पोरं. मास्तरीण एकच, बाबालालची भाची समीना. पैसा लोकांच्या देणगीचा. बाबालाल समोरून दिसला, की पौडातली भली भली माणसं मोबाइल कानाला लावून गल्लीत वळायची.

शेवटी हिंजवडीतल्या एका कंपनीचा फंड मिळाला. योजना फक्त बेटांवरच्या शाळांसाठी! साध्या कोरड्या जमिनीवरचं दारिद्र्य या लोकांना दिसत नाही. त्याला चहूकडून पाणी लागतं, मग फोटो बरा येतो. तर त्या फंडाची माणसं शनिवारी शाळा बघून पुढच्या तीन वर्षांचं ठरवणार होती. नाही म्हणाली, की जूनपासून कुलूप. समीनानं पिरंगुटच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

आणि बुधवारी सकाळी नथू नावाड्याचा फोन आला.

"चाचा, बेट ग्येलं."

"गेलं? कुठं गेलं?"

"ते कुटं जातंय? हितंच हाय. पाणी ग्येलं!"

दरवर्षी मे महिन्याच्या मध्याला टेकडीमागचं पाणी हटायचं आणि कोरडी वाट उघडी पडायची. तेव्हा शाळेला सुट्टी असायची, त्यामुळे बेटाचीही सुट्टी कोणी मनावर घ्यायचं नाही. यंदा पाणी एप्रिलातच आटलं. टेकवाडीकर खूश! म्हशी पलीकडे चरून आल्या, भाजीचा टेम्पो थेट दारात आला.

"पाणी परत कधी येईल रे?"

"जूनात."

"शनिवारपर्यंत काही?"

"चाचा, म्या नावाडी हाय, इंद्र न्हाई!"

बाबालालनं तडक टेकवाडी गाठून बैठक घेतली. पाहुणे पुढून बोटीनं आणायचे आणि पुढूनच घालवायचे. मागच्या वाटेवर कोणी पाऊल टाकायचं नाही. "एक दिवस सगळ्यांनी बेटावर असल्यासारखं वागा!"

"म्हंजी कसं वागायचं?" दादासाहेबानं विचारलं. हा गावातला एकुलता एक ट्रॅक्टरवाला.

कोणालाच सांगता येईना. हैबतराव म्हातारा बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, "आमी सत्तर वर्सं बेटावर हाय, पर कदी तसं वागल्याचं आटवत न्हाई."

शनिवारी फंडाच्या सुलक्षणा मॅडम आणि त्यांचा साहाय्यक निषाद भगव्या जाकिटांत फुगून बोटीत बसले. पाणी अफाट वाटावं म्हणून नथूनं बोट गोल गोल फिरवली.

"हे वाळलेलं झाड मघाशी पण होतं ना?" निषादनं विचारलं.

"तसली लई हायेत, साहेब."

तिसऱ्या फेरीला बोट काठापासून तीस फुटांवर गाळात रुतली. नथूनं बांबू लावला तर बांबूही रुतला! काठावरून दादासाहेबानं हे पाहिलं आणि तो मोटारसायकलवर धुरळा उडवत खाली आला.

"बेटावर मोटारसायकल?" मॅडम चक्रावल्या.

"बोटीतून आणली," बाबालाल म्हणाला.

दादासाहेब परत गेला आणि ट्रॅक्टर घेऊन आला.

"आणि हा?"

"सुटा सुटा करून!"

दोघांना ट्रॉलीत घालून वर आणलं, तोच टेकडीमागून एक टेम्पो उतरला. वर कपाट, फ्रीज, गाद्या आणि त्या गाद्यांवर सनई-ताशेवाले! कोणाच्या तरी पोरीचं रुखवत आलं होतं. बैठकीला ते घर हजर नव्हतं, लग्नाच्या गडबडीत होतं. बाबालालनं डोळे मिटून घेतले.

"हे... हे सगळंही बोटीतून?"

"दोन फेऱ्या झाल्या बगा," नथूनं ठोकून दिलं.

वर्गात मात्र जान होती. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "तू कुठं राहतेस?" नऊ वर्षांची जया उठली आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "मी बेटावर राहते. जून ते एप्रिल. मेमध्ये माझं बेट मामाच्या गावाला जातं, यंदा एप्रिलातच गेलं."

मॅडमना इंग्रजी फार आवडलं, पण भूगोल कळेना. निषाद बेटाची व्याख्या मोबाइलवर शोधू लागला. तेवढ्यात अंगणात हॉर्न वाजला. कंपनीची पांढरीशुभ्र गाडी दारात उभी! ड्रायव्हर एकनाथ हसतमुखानं आत आला.

"मॅडम, तुमची पर्स गाडीतच राहिली होती. मॅपवर रस्ता दिसत नव्हता, मग म्हशींच्या मागं मागं आलो."

वर्गात टाचणी पडली असती तर दचकून सगळे उठले असते.

"शेखसाहेब," मॅडम म्हणाल्या, "हे बेट आहे की नाही?"

"आहे! म्हणजे नाही! म्हणजे असतं!" बाबालालचा तोल सुटला. "मॅडम, मी खोटं बोललो. पण पाणी आटलं म्हणून या पोरांची अक्कल आटली का? तुमचा फंड पोरांसाठी आहे का पाण्यासाठी? पाण्यासाठी असेल तर धरणालाच द्या, ते इंग्रजीत आभार मानेल!"

मॅडम खिडकीतून म्हशींकडे बघत राहिल्या. मग निषादला म्हणाल्या, "अहवाल उघड."

निषादनं लॅपटॉप उघडला आणि घाम पुसला. "मॅडम, 'कसे पोहोचलात' यात दोनच पर्याय आहेत. 'रस्त्याने' किंवा 'पोहोचता आले नाही'."

"बोट?"

"बोटीला आपला विमा नाही. बोटीत आपण बसायलाच नको होतं."

"मग रस्त्यानं टाक."

"रस्त्यानं टाकलं तर बेट रद्द होतंय! लाल दिसतंय."

"म्हणजे खरं बेट असेल तर आपण तिथं जाऊ शकत नाही?"

"नाही."

"आणि जाऊ शकलो तर ते बेट नाही?"

"नाही."

"मग आत्ता आपण आहोत कुठे?"

निषादनं पुन्हा मोबाइल काढला. इतका वेळ फळ्याशी उभी असलेली समीना हळूच म्हणाली, "मॅडम, बोट गाळात अडकली होती ना? तिथपर्यंतच लिहा. खोटं काहीच नाही त्यात."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, जयाकडे पाहिलं आणि बटण दाबलं. 'पोहोचता आले नाही'. मग न पोहोचलेल्या त्या मंडळींनी पिठलं-भाकरी खाल्ली, पोरांची इंग्रजी गाणी ऐकली आणि काढलेले सगळे फोटो पुसून टाकले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. समीनानं दुकानात उभ्या उभ्या वाचून दाखवलं. अत्यंत दुर्गम परिस्थिती पाहता शाळेला तीन वर्षं मंजूर! बाबालालनं नथूला कडकडून मिठी मारली.

"मामू, दुसरं पान पण आहे," समीना म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "आमचे कर्मचारी पोहोचू शकले नाहीत याचं फार वाईट वाटलं म्हणून टेकवाडीला बारमाही रस्ता मंजूर केलाय. रस्ता पूर्ण झाल्याच्या दिवसापासून शाळेची मदत बंद."

नथू मटकन पाइपांच्या ढिगावर बसला. "चाचा, आता वो?"

बाबालालनं पत्र समीनाच्या हातून घेतलं. मग त्यानं पत्राची घडी घातली.

"घाबरतोस काय, नथू! रस्ता नुसता मंजूर झालाय, पूर्ण कुठं झालाय? मग शाळेला मरण नाही!"