सुळकीआजी आणि टाकीची पाटी

एका जंगलात एक नदी होती. दिवाळीला ती गुडघाभर वाहायची आणि होळीला नुसती वाळू होऊन पडायची. मग जनावरं पाणी कुठं प्यायची? नळाचं नाव काढू नका, जंगलात नळ नसतो. जनावरं सुळकीआजीकडे जायची.

सुळकीआजी म्हणजे म्हातारी रानडुकरीण. वास घेण्यात तिचा हात धरणारं उभ्या जंगलात कोणी नव्हतं. चैत्रात ती वळणावरच्या उंबराखाली जायची, वाळू हुंगायची आणि एका जागी खणायला लागायची. हातभर खोल गेलं की पाणी पाझरायचं. त्याला झिरा म्हणतात. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, लेकुरवाळीला आधी पिऊ द्यायचं, आणि एक झिरा आटल्याशिवाय दुसरा खणायचा नाही. हे तिला तिच्या आजीने शिकवलं होतं आणि त्या आजीला तिच्या आजीने. त्यापुढचं मला विचारू नका.

एका वर्षी वाघोबा महाराजांच्या मनात आलं, आपल्याही जंगलाचं नियोजन व्हायला हवं. शेजारच्या जंगलाचं झालं होतं ना. मग त्यांनी करकोचेसाहेबांना नेमलं. साहेब थंड मुलुखातले, फार शिकलेले. मार्गशीर्षात यायचे आणि शिवरात्रीला परत जायचे. इथला उन्हाळा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, म्हणून उन्हाळ्याच्या पाण्याचं काम त्यांच्याकडे दिलं.

साहेबांच्या कागदावर एक रकाना होता, ‘स्थानिकांचे ज्ञान’. रकाना रिकामा ठेवून चालत नाही. म्हणून आजीला बोलावणं गेलं. साहेब एका पायावर उभे राहून ऐकू लागले.

“आजीबाई, उन्हाळ्यात पाणी कुठं असतं?”

“वळणावर. उंबराखाली वाळू खणायची.”

साहेबांनी वळणाकडे पाहिलं. पाणी खळखळत होतं. “वाळू कुठं आहे?”

“पाण्याखाली.”

“म्हणजे पाणी आहेच. मग खणायचं कशाला?”

“आता आहे. चैत्रात नसतं.”

“आजीबाई, मी माझ्या डोळ्यांनी पाहतोय.”

 डोळ्यांनी पाहणाऱ्यापुढे आजीच्या नाकाचं काय चालणार? साहेबांनी रकान्यात लिहिलं, ‘स्थानिकांना नदी उकरण्याची खोड आहे. बंदी घालावी.’

मग टेकडीवर दगडी टाकी झाली. टेकडीवरच का? तिथून सूर्यास्त छान दिसायचा. टाकीशेजारी सागाची जाडजूड पाटी लागली, ‘महाराजांची टाकी. उन्हाळ्यात पाणी येथेच प्यावे.’ आणि हुकूम निघाला, की पाटी सोडून दुसरीकडे जो पाणी काढील, त्याला जंगलाबाहेर हाकलण्यात येईल. महाराजांनी खाली पंजा उमटवला. साहेब उडून गेले.

नदीचं पाणी वाहून भरलेली टाकी होळीच्या आधीच आटली. चैत्र लागला. आजीच्या लेकीला नेमकी तेव्हाच सहा पिल्लं झाली, पाठीवर पट्टे असलेली, मूठमूठभर. पाण्याविना लेकीचं दूध आटत चाललं. एका दुपारी पिल्लांचं केकाटणं थांबलं. बाळांनो, केकाटणारं डुक्कर बरं, गप्प पडलेलं वाईट.

आजी तडक महाराजांकडे गेली. महाराज सावलीत जीभ बाहेर काढून पडले होते.

“महाराज, झिरा खणू द्या. पोरं मरतील.”

“आजी, घसा माझाही कोरडा पडलाय. पण पंजा माझा आहे. मीच माझा हुकूम मोडला, तर उद्या मला ससासुद्धा विचारणार नाही.”

आजीला असा राग आला, की तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले. पण रागावून पाणी निघत नाही, हे तिला ठाऊक होतं.

“नका मोडू,” ती म्हणाली. “पाटीपाशीच पाणी प्या. संध्याकाळी या उंबराखाली.”

ती टेकडी चढली. पाटी दातांत धरून तिने उपटली, आणि दोनदा आपटत, धापा टाकत खाली नदीत आणली. एक दात त्यात गेला. उंबराखाली वाळू हुंगून तिने पाटी रोवली आणि पाटीच्या पायाशी खणायला सुरुवात केली. हातभर खोलीवर पाणी आलं.

संध्याकाळी महाराज आले. त्यांनी पाटी वाचली. झिऱ्याकडे पाहिलं. पुन्हा पाटी वाचली.

“टाकी उत्तम चालली आहे,” ते म्हणाले आणि पुढे सरकले.

“आधी लेकुरवाळी,” आजी म्हणाली.

महाराज मुकाट्याने रांगेत उभे राहिले. दोन दिवसांत सहाही पिल्लं कान किटेपर्यंत केकाटायला लागली, आणि आजी सुखाने झोपली.

मृग लागला तशी आजीने पाटी पुन्हा टेकडीवर नेऊन लावली. मार्गशीर्षात साहेब परत आले, तर टाकी पावसाने काठोकाठ भरलेली, पाटी जागेवर, महाराज खूश. साहेबांना शाल-श्रीफळ मिळालं आणि आणखी पाच टाक्या मंजूर झाल्या. आता रकाना भरायचा होता. आजीला बोलावणं गेलं.

“आजीबाई, टाकीबद्दल काही सूचना?”

आजीने उरलेल्या दातांवरून जीभ फिरवली.

“पाटी जरा हलकी करा, साहेब.”

साहेबांनी ते आनंदाने लिहून घेतलं.

तात्पर्य: पाणी कुठं आहे हे ठाऊक असणाऱ्याने ते योजनेला सांगत बसू नये, योजनेची पाटी तिथवर उचलून न्यावी. आणि दात जपावेत, कारण अजून पाच पाट्या यायच्या आहेत.