कलावतीसाठी ड्रॉप किट

"येत्या रविवारी कलावती माझ्या शेजारी बसून माहेरी जाणार! घरातला उंबरा ओलांडावा तशी गाडीत चढली नाही, तर नावाचा गुणाजी नाही!"

टिटवाळ्याच्या आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभं राहून गुणाजीने ही घोषणा अशा आवाजात केली, की तिसऱ्या मजल्यावरची ऐश्वर्या कपडे वाळत घालायचे सोडून खाली वाकून बघू लागली.

आता बायको नवऱ्याच्या गाडीत बसणार, यात जाहीर करण्यासारखं काय? पण तुम्ही गुणाजीची गाडी पाहिलेली नाही!

जन्मभर गुणाजीने दुसऱ्यांचे टेम्पो चालवले. त्याच्या शेजारच्या सीटवर फ्रिजची खोकी बसली, हलवायाच्या पराती बसल्या, एकदा तर कुठल्याशा मंडळाच्या गणपतीचा उंदीरसुद्धा दिमाखात बसून गेला. कलावती तेवढी राहिली. म्हणून काम सुटल्यावर त्याने पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर जुना का होईना, मागेही सीट असलेला स्वतःचा एक पिकअप घेतला. कलावतीला शेजारी बसवायचं, काच खाली करायची आणि तिच्या माहेरी जायचं. बाकी काही मागणं नव्हतं त्याचं.

माहेर मुरबाडच्या पलीकडे, सरळगावच्याही पुढे. फाट्यापासून आत नुसते दगड आणि मध्ये ओहोळ. मागे एकदा भाड्याच्या गाडीने गेले, तेव्हा गाडीचं पोट दगडावर बसलं आणि उरलेली वाट कलावतीने दुखऱ्या गुडघ्याने चालून काढली. त्यानंतर तिचं जाणंच थांबलं. गुणाजीने तेव्हाच ठरवलं, आपल्या गाडीचं पोट कशालाही लागता कामा नये! शहाडच्या गॅरेजवाल्या संदेशने स्प्रिंगांखाली ठोकळे घातले, मोठाले टायर चढवले आणि गाडी अशी काही उचलली, की पार्किंगमधल्या बाकीच्या गाड्या तिच्या दाराशी काढून ठेवलेल्या चपलांसारख्या दिसू लागल्या.

गाडी आता कुठल्याही दगडावरून जाणार होती. फक्त कलावती गाडीत जात नव्हती!

पायदान होतं, पण तेही गाडीबरोबर वर गेलं. प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून पाहिलं. ते सटकलं, कलावती दाराला लटकली आणि खालून ढकलावं की वरून ओढावं हे गुणाजी ठरवेपर्यंत ऐश्वर्याने व्हिडिओ काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलासुद्धा!

"मी काय सिमेंटची गोण आहे?" कलावती कडाडली. "पुन्हा त्या गाडीचं नाव काढू नका माझ्यासमोर!"

तेव्हापासून गुणाजी एकटाच हिंडायचा. आंबिवलीला कुणाकडे जायचं झालं तरी वाटेत दहादा शेजारच्या सीटकडे बघायचा. त्या सीटला त्याने नवं कव्हर घातलं होतं आणि तिथे तो कुणालाही बसू देत नसे. ओळखीचा कुणी भेटला तर त्याची रवानगी मागच्या सीटवर! संध्याकाळी कलावती फोनवर थोरल्या बहिणीला, गोदाला, विचारायची, "करवंदं लागली का गं यंदा?" आणि उत्तर ऐकून बराच वेळ नुसती 'हूं, हूं' करत राहायची. गुणाजी टीव्ही बघत असल्याचं सोंग करत सगळं ऐकायचा. एवढी मोठी गाडी दारात, आणि बायकोला माहेरची करवंदं फोनवर खावी लागतायत!

अशात गाडी वळताना पुढून कटकट आवाज येऊ लागला. गुणाजीने संदेशला फोन लावला. तिकडे गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"काका, आपण गाडी उचलली ना, म्हणून ते होतंय," संदेश ओरडला. "टेन्शन नको! ड्रॉप किट टाकू, पुढचं खाली घेऊ!"

गुणाजी ताडकन उठून बसला. पत्र्याच्या आवाजात त्याला दोनच शब्द नीट ऐकू आले होते. ड्रॉप, आणि खाली!

"खाली घेता येतं?"

"येतं की!"

"किती?"

"इंचभर."

"इंचाने काय होतंय रे? चांगलं वीतभर घे!"

"वीतभर? मग उचलली कशाला काका?"

"चूक झाली माझी! पण दगडाला लागणार नाही ना?"

"अजिबात नाही!"

झालं! गाडी खाली येणार, तरी दगडाला लागणार नाही. असं यंत्र जगात निघालं आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही! त्याच आनंदात पार्किंगमधली ती घोषणा झाली.

शुक्रवारी गुणाजी शहाडला हजर. संदेशने गाडी जॅकवर चढवली, स्वतः खाली सरकला, बोल्ट काढले, मध्ये जाडजूड चकत्या घातल्या आणि लांब बोल्ट आवळायला घेतले. गुणाजी बाजूला उकिडवा बसून धीर देत होता.

"घे, घे! अजून घे खाली! आमची ही बुटकी आहे!"

गाडीखालून संदेशचं डोकं बाहेर आलं. "काकूंचा काय संबंध?"

"लग्न झालं की कळेल तुला!"

काम संपलं, संदेशने जॅक सोडला आणि गाडी हळूहळू, अगदी डौलात, खाली आली.

"उतरली!" गुणाजीने टाळीच वाजवली. जॅकवरून काढलेली गाडी खालीच येणार, एवढं साधं गणित जन्मभर टेम्पो चालवलेल्या माणसाला त्या क्षणी सुचलं नाही. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की असंच होतं.

रविवारी कलावती खाली आली. मोरपंखी साडी, हातात गोदासाठी केलेल्या लाडवांचा डबा. गाडी खाली आली म्हटल्यावर रुसवा कुठल्या कुठे पळाला होता. ऐश्वर्या मोबाईल घेऊन तयारच होती. गुणाजीने दार उघडलं आणि अदबीने बाजूला झाला.

कलावतीने पाय उचलला. पायदान तिथेच होतं, जिथे स्टुलाच्या दिवशी होतं!

"अहो," ती हळूच म्हणाली, "ही तर तेवढीच आहे."

गुणाजीने घाईघाईने फोन लावला. "संदेश! खाली काय आलं रे?"

"पुढचा डिफरेन्शियल, चाकं फिरवणारा गोळा! त्याचे दांडे तिरपे झालेले ना, ते सरळ केले. कटकट गेली की नाही?"

"आणि गाडी?"

"गाडी कशी खाली येईल काका? ती तर आपण वर केलीय!"

कलावती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती डबा छातीशी धरून नुसती त्या नव्या कव्हरच्या सीटकडे बघत राहिली. तिलाही तिथे बसायचं होतं, हे गुणाजीला आज पहिल्यांदाच कळलं आणि तो रडवेला झाला.

तिने गोदाला फोन लावला. "आक्का, नाही जमत गं यायला. गाडी..."

"गाडी कशाला पायजे?" गोदाचा आवाज पार्किंगभर घुमला. "रस्ता झाला ना! फाट्यावं रिक्षा हाये, दारात आणून सोडतीय!"

"रस्ता? कधी?"

"झालं की वरीस! तुमी इचारलं कुठं? नुसती करवंदं इचारता!"

गोवेली नाक्यावर त्यांनी एसटी पकडली. एसटीला पायऱ्या होत्या, धरायला दांडा होता. कलावती कुणाची मदत न घेता चढली, खिडकीशी बसली आणि गुणाजी तिच्या शेजारी. मुरबाड यायच्या आतच तिचा डोळा लागला आणि डोकं त्याच्या खांद्यावर आलं.

गुणाजी ताठ बसला. स्टिअरिंग नाही, आरसा नाही, पुढे कोण आडवा येतोय ही चिंता नाही. वाऱ्याने तिच्या कपाळावर आलेले पांढरे केस त्याला इतक्या जवळून कधी दिसलेच नव्हते. बोटाने मागे सारावेत असं फार वाटत होतं, पण हात हलवला तर ती जागी होईल म्हणून त्याने श्वाससुद्धा जपून घेतला.

एका गचक्याने कलावतीला जाग आली. तिने खिडकीबाहेर पाहिलं. माळशेजचे डोंगर जरा जास्तच जवळ आले होते.

"अहो, आपला फाटा?"

"गेला."

"गेला? अख्ख्या जन्मात तुमचं एक वळण चुकलं नाही! झोपला होतात का?"

"नाही गं."

"मग काय करत होतात?"

"बसलो होतो," गुणाजी म्हणाला.